श्रुतीसाठी केलेली प्रार्थना

प्रेमला उजागरेच्या पोटात काही राहत नाही, असं तिच्या आईचं म्हणणं होतं, आणि ते तसं खोटं होतं. बालवाडीतल्या मोठ्या बाईंचं लग्न मोडल्याचं तिला चार महिने माहीत होतं, पण तिनं चकार शब्द काढला नव्हता. एकाच ठिकाणी तिचा तोंडावरचा ताबा सुटायचा, ते म्हणजे प्रार्थनेत. देवापुढे कसली लपवाछपवी, असं तिला वाटायचं. देवापुढे बसताना आजूबाजूला आणखी चौदा माणसं बसलेली असतात, हे मात्र प्रेमलाबाईंच्या ध्यानात यायचं नाही.

शहाण्णव सालची ही गोष्ट. नेरूळच्या सिडकोच्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर. एका दारात उजागरे, मूळचे नगरकडचे: वडील तुर्भ्याच्या कारखान्यात, आई घरी, आणि तेवीस वर्षांची प्रेमला बालवाडीत. दुसऱ्या दारात साताऱ्याकडचे घोरपडे: मालतीबाई, त्यांचा मुलगा राजवर्धन आणि सून श्रुती. श्रुती आणि प्रेमलाची गट्टी जमायला एक उन्हाळा पुरला होता. नाताळच्या करंज्या तिकडे जायच्या, दिवाळीच्या चकल्या इकडे यायच्या, आणि कोणाचा डबा कोणाकडे राहिलाय याचा दोन्ही घरांत कायम घोळ असायचा.

फेब्रुवारीत गच्चीवर कपडे वाळत घालताना श्रुतीनं हळूच सांगितलं, "मला दिवस गेलेत."

प्रेमलाच्या हातातली चादर खाली पडली. श्रुती हसली नाही. याआधी दोनदा तिला दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा टिकले नव्हते. दोन्ही वेळा मालतीबाईंनी लगेच साताऱ्याला फोन केले होते. नणंदा लाडू घेऊन आल्या होत्या, आणि महिन्याभरात त्याच नणंदा तिचं सांत्वन करायला पुन्हा आल्या होत्या.

"तीन महिने पुरे होईपर्यंत फक्त ह्यांना आणि तुला माहीत," श्रुती म्हणाली. "आईंना पण नाही. परत ते सगळं मला झेपणार नाही गं."

"माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही," प्रेमला म्हणाली. आणि ती अगदी मनापासून म्हणाली, हे आपण तिच्या बाजूनं लिहून ठेवू.

त्याच बुधवारी घरप्रार्थनेची पाळी उजागऱ्यांची होती. नेरूळच्या मंडळीला तेव्हा चर्च नव्हतं. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये उपासना व्हायची आणि बुधवारी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेका घरी प्रार्थना. सतरंज्या पसरल्या, आलेल्यांनी एकमेकांना सलाम केला, एक गीत झालं. उशिरा येणाऱ्यांसाठी दार नेहमीसारखं उघडंच होतं. मग जाईबाईंनी विचारलं, "कुनाच्या काही विनंत्या?"

जाईबाई मंडळीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांचा आवाज नगरकडच्या खेड्यात, लाऊडस्पीकर नसलेल्या ख्रिस्ती देवळात घडलेला. नेरूळच्या बारा बाय दहाच्या खोलीत तो मावायचा नाही. कोणी गुडघ्यासाठी विनंती दिली, कोणी मुलाच्या दहावीसाठी. प्रेमला म्हणाली, "माझ्या एका मैत्रिणीसाठी. तिला दिवस गेलेत, दुसरा महिना. आधी दोनदा टिकलं नाही."

"नाव काय तिचं?"

"नाव नको, मावशी."

"अगं, देव काय पेपरात छापनार हाय का? आपल्या मानसासाठी नाव घेऊन मागावं."

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. प्रेमलाला श्रुतीचा गच्चीवरचा चेहरा आठवला. ती इतकी घाबरलेली होती की तिच्यासाठी अर्धवट मागायचं प्रेमलाच्या जिवावर आलं. ती म्हणाली, "श्रुती. समोरची."

मग जाईबाईंनी मागितलं. हे दयाळू बापा, समोरच्या दारातली तुझी लेक श्रुती, तिच्या पोटात दुसऱ्या महिन्याचं लेकरू हाय, दोनदा तिची ओटी रिकामी झाली, आता तरी तू हात दे, असं त्या स्वतःच्या नातवासाठी मागावं तसं मागत राहिल्या. खोलीत दोघी-तिघी मुसमुसत होत्या. प्रेमलाही रडली. आमेन झालं, डोळे उघडले, आणि दारात मालतीबाई उभ्या होत्या.

प्रार्थना चाललेली बघून त्या डोक्यावर पदर घेऊन गप उभ्या राहिल्या होत्या. हातात उजागऱ्यांचा डबा होता. "तुमचा डबा," एवढंच बोलून त्यांनी तो चपलांच्या स्टँडवर ठेवला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध केंद्राच्या रांगेत त्यांनी प्रेमलाला गाठलं. आता आपली हजेरी घेतली जाणार म्हणून प्रेमला मान खाली घालून उभी राहिली.

"मला काल कायबी आईकू आलं न्हाई," मालतीबाई म्हणाल्या.

"काकू, मी..."

"गप. तिनं मला सांगितलं न्हाई, म्हंजी तिला माझं भ्या वाटतंय. मागच्या दोन्ही टायमाला मीच गावभर डंका पिटला. आता ती आपल्या तोंडानं सांगंल तवाच मला कळंल. आन तू तिला यातलं बोलायचं न्हाई. माझी शपथ हाय." थोडं थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "दुसराच म्हैना ना? त्या बाई दुसराच म्हनाल्या."

प्रेमलानं मान हलवली. मालतीबाईंनी अर्धा लिटर दूध जास्त घेतलं.

त्यानंतर घोरपड्यांच्या घरात नवलच घडायला लागलं. सकाळी अर्धा तास येणारं पाणी मालतीबाई स्वतः भरू लागल्या. डॉक्टरनी हात हलवायला सांगितलेत म्हणे. घरात आलेली प्रत्येक पपई समोर पोचती व्हायची. एका आठवड्यात उजागऱ्यांकडे तीन पपया आल्या आणि प्रेमलाचे वडील विचारायला लागले की ही मंडळी नक्की काय विकतात. साताऱ्याला मात्र एकही फोन गेला नाही. मालतीबाईंना हे किती जड जात असेल ते प्रेमलालाच माहीत होतं, आणि तिला त्या फार आवडायला लागल्या.

पण श्रुती काही दुधखुळी नव्हती. गच्चीवर तिनं विचारलंच, "आई एवढ्या कशा बदलल्या गं? त्यांना काही कळलं नसेल ना? तू कोणाला बोलली नाहीस ना?"

प्रेमला हातातल्या चिमट्याशी खेळत राहिली. "नाही," ती म्हणाली.

हे मात्र तिला बाधलं. जीभ घसरणं वेगळं, आणि मैत्रिणीच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणं वेगळं. मार्चच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. मनात असं काही ठेवून त्या मेजाशी बसायचं नसतं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे तिच्यापर्यंत आला, आणि तिनं तो तसाच आईकडे सरकवला.

घरी परतताना आईनं विचारलं तेव्हा प्रेमलानं सगळं सांगून टाकलं.

"मग जा आणि सांग तिला," आई म्हणाली.

"काकूंनी शपथ घातलीय. आणि श्रुती परत माझ्याशी बोलायची नाही, आई."

"नाही बोलणार कदाचित. पण पुढच्या महिन्यात पण ट्रे असाच सरकवणार आहेस का?"

प्रेमला आधी मालतीबाईंकडे गेली. त्या गच्चीवर वाळवण राखत बसल्या होत्या. श्रुतीला सांगून टाकते म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "तुमचं अवघडच हाय बाई. चूक झाली तर देवाला सांगावं. सुनंला कशापायी?"

"देवाला सांगितलं, काकू. तरी मन शांत होत नाही. खोटं श्रुतीशी बोलले ना."

मालतीबाईंनी वाळवणावरचा कावळा हाकलला. मग म्हणाल्या, "जा. घरात तांदूळ निवडतीय."

श्रुतीनं सगळं ऐकून घेतलं. ताटातले तांदूळ तिनं एका बाजूला सारले, परत दुसऱ्या बाजूला सारले.

"आईंना तेव्हापासून माहीत आहे?"

"हो."

"आणि तुमच्या त्या सगळ्या लोकांना?"

"हो."

"मी तुला विचारलं होतं, प्रेमला. तू नाही म्हणालीस."

"चुकले मी," ती म्हणाली.

"जा तू आता."

समोरचं दार बंद झालं ते नऊ दिवस. डबे यायचे-जायचे थांबले. गच्चीवर कपडे वाळत घालायची वेळ श्रुतीनं बदलली. प्रेमला बालवाडीत मुलांना गाणी शिकवायची आणि मधेच ओळ विसरायची. मैत्रीण गमावल्याचं दुःख तिला पहिल्यांदाच होत होतं, आणि त्यात दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता.

महिन्यानं बुधवारची पाळी पुन्हा उजागऱ्यांवर आली. गीत झालं. जाईबाईंनी विनंत्या विचारल्या. मग त्या प्रेमलाकडे वळल्या.

"त्या पोरीचं काय गं? तिच्यासाठी मागायचं ना?"

"मनात मागू, मावशी," प्रेमला म्हणाली. "नाव नको."

"नाव घ्या," दारातून आवाज आला.

श्रुती उभी होती. हातात उजागऱ्यांचे राहिलेले तीन डबे होते, आणि मागे डोक्यावर पदर घेतलेल्या मालतीबाई. श्रुतीचा चेहरा ओढलेला होता. ती प्रेमलाकडे बघत नव्हती, जाईबाईंकडे बघत होती.

"तीन महिने व्हायला अजून आठ दिवस आहेत," ती म्हणाली, "आणि मला फार भीती वाटते. नाव घ्या, आणि जरा मोठ्यानं करा. मागच्या वेळी आईंना ऐकू आलं. मला नाही."

मोठ्यानं करा असं जाईबाईंना उभ्या आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. मालतीबाई सतरंजीच्या कडेला बसल्या, आणि श्रुती येऊन प्रेमलाच्या शेजारी बसली.

प्रेमलानं डोळे मिटले. जाईबाई काय म्हणाल्या ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. श्रुतीचा हात तिच्या हातात आला होता, गार पडलेला, आणि आमेन होईपर्यंत तिनं तो सोडला नाही.