शनिवारची हजेरी

सहादेवला शनिवारी सुट्टी असायची. नागापूरच्या एमआयडीसीत तो एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता आणि तिथला साप्ताहिक सुट्टीचा वार शनिवार. बाकीचे कामगार कुरकुरायचे, सगळ्या जगाला रविवार अन् आपल्यालाच शनिवार. बायको, चंद्रकला, होती तोवर सहादेवचं काही म्हणणं नव्हतं. शनिवारी पोरगी सकाळच्या शाळेला जायची, मग हे दोघं अंगणात शेंगा फोडत बसायचे, नाहीतर गोधड्या धुवायला काढायचे. पोरगी आली की तिघं मिळून जेवायचे.

चंद्रकला फेब्रुवारीत गेली. दोन दिवस चक्कर येते म्हणत होती. सहादेव म्हणाला, पित्त असंल, लिंबू पी अन् पड जरा. तिसऱ्या दिवशी तो कामावर असताना ती मोरीपाशी पडली. नगरच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साचलंय, उशीर झाला. ‘पड जरा’ हे आपण म्हणालो होतो, हे सहादेवनं कुणाला सांगितलं नाही. घरात ते फक्त पोरीनं, ज्ञानेश्वरीनं, ऐकलं होतं, आणि तीही कधी त्यावर बोलली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ज्ञानेश्वरी सातवीत गेली. पहिल्या शनिवारी ती सकाळी सातला गणवेश घालून, वेण्या बांधून बाहेर आली, तर पाठीवर दप्तर नाही. हातात नुसती पाण्याची बाटली.

"दप्तर कुठंय?"

"आज न्हाई न्यायचं, पप्पा. दप्तराविना शनिवार असतोय. खेळ घेत्यात, कागदकाम, बागेत काम, असलं."

"म्हंजी अभ्यास न्हाई?"

"न्हाई."

"मंग कशाला जाती? ऱ्हा घरी. दोन भाकऱ्या तरी टाकशील."

सहादेव स्वतः नववीपर्यंत शिकलेला. त्याच्या लेखी शाळा म्हणजे दप्तर. दप्तर नाही तर शाळा नाही, आणि शाळा नाही तर गैरहजेरी कसली? ज्ञानेश्वरी उंबऱ्यात जरा वेळ उभी राहिली. मग आत जाऊन तिनं गणवेश बदलला आणि घडी घालून ठेवला.

भाकऱ्या सहादेवला येत होत्या. चंद्रकला माहेरी गेली की तोच करायचा. पण त्या दिवशी पोरगी चुलीपुढं बसली, परात वाजली, तवा वाजला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला भरदिवसा गाढ झोप लागली. रिकाम्या घरात त्याचा डोळा लागत नसे. कामावर असलं की बरं असायचं. शनिवार आला की त्याला भिंती खायला उठायच्या.

पुढच्या शनिवारी तो म्हणाला, धुणं लई पडलंय. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणाला, गव्हाला ऊन द्यायचंय. नंतर कारण सांगायचीही गरज उरली नाही. शनिवारी ज्ञानेश्वरी गणवेश घालेनाशीच झाली.

सप्टेंबरात एक दिवस संध्याकाळी तो कामावरून आला, तर शेजारची जहिरा कुंपणापाशी उभी होती. तिची अल्मास ज्ञानेश्वरीच्याच वर्गात.

"सहादेवभाऊ, पेढा घ्या. आमची अल्मास खो-खोच्या टीममधी लागली. तालुक्याला चालली."

"वा. आन् ज्ञानू?"

जहिरानं पेढ्याचा पुडा पुन्हा बांधायला घेतला. "तेच तर. ज्ञानूचं नाव न्हाई यादीत. अल्मास रडतच बसली. म्हनती, ज्ञानू तीन-तीन मिनटं कुनाच्या हाती लागत न्हाई, ती न्हाई तर आमी काय पळनार? तुमाला न्हाई सांगितलं तिनं?"

सहादेव घरात गेला. ज्ञानेश्वरी मिरची खुडत बसली होती.

"खो-खोत तुझं नाव का न्हाई?"

"मला न्हाई खेळायचं."

"बाई घेत न्हाईत का?"

"मीच न्हाई म्हनले." तिनं मान वर केली नाही.

सहादेवला ते पटलं नाही. ही पोरगी पाच वर्षांची होती तेव्हापासून पळत होती. चंद्रकला म्हणायची, हिला पाणी आणायला धाडलं तर घागर मागं अन् ही पुढं. त्याच्या मनानं घेतलं, आई नाही, विचारायला कुणी येत नाही, म्हणून पोरीला मागं सारलं असणार. चंद्रकला प्रत्येक पालक सभेला जायची. ती असती तर कुणाची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो शाळेत गेला. वर्गशिक्षिका बोरुडे बाई ऑफिसात वह्या तपासत होत्या. खो-खोही त्याच घ्यायच्या.

"या, बसा. बरं झालं आलात," बाई म्हणाल्या.

सहादेव बसला नाही. "बाई, सरळ इचारतो. पोरीला आई न्हाई म्हनून तिला मागं ठिवता का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. कपाटातून हजेरीपट काढला आणि त्याच्याकडं फिरवून ठेवला.

"तुम्हीच बघा. ज्ञानेश्वरी घुले. सोमवार ते शुक्रवार एक दिवस चुकलेला नाही. आणि हे शनिवार. जूनपासून चौदा झाले. हजर किती? एकही नाही."

"शनिवारी अभ्यास नसतोय म्हनं."

"दप्तर नसतं. शाळा असते. खो-खोचा सराव शनिवारीच होतो, बाकीचे दिवस तासांतून वेळ मिळत नाही. सरावाला ऐंशी टक्के हजेरी असेल तीच मुलगी संघात, असं आम्ही जूनमध्येच ठरवलं. नाहीतर नाव लागल्यावर मुली फिरकत नाहीत." त्यांनी एक कागद पुढं केला. "प्रत्येक पालकाची सही घेतली होती."

कागदावर लिहिलं होतं की माझ्या पाल्यास शनिवारच्या उपक्रमांना नियमित पाठवीन. खाली सही सहादेवची होती. पोरीनं सकाळी घाईत कागद धरला होता आणि त्यानं मोटरसायकलच्या सीटवर ठेवून सही ठोकली होती. वाचला नव्हता.

आता तो बसला.

"मला वाटलं, तुम्ही तिच्या तब्येतीचं बोलायला आलात," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"तब्येतीचं काय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही? तिला शनिवारी चक्कर येते म्हणून ती येत नाही. दर सोमवारी विचारलं की हेच सांगते. मी म्हटलं, दवाखान्यात दाखवलं का? तर म्हणाली, आईलाही असंच व्हायचं. तेव्हा मी घाबरलेच. दोनदा तिच्याबरोबर चिठ्ठी पाठवली तुम्हाला. मिळाली नाही?"

सहादेवला चिठ्ठी मिळाली नव्हती. त्यानं नुसती मान हलवली. पोरीनं खोटं सांगताना चक्करच का सांगितली असेल? ताप सांगता आला असता, पोटदुखी सांगता आली असती. चक्कर म्हटलं की कुणी पुढं विचारणार नाही, हे तिनं घरातच पाहिलं होतं.

बाईंना वाटलं, बाप तब्येतीच्या काळजीनं गप्प झाला. त्या म्हणाल्या, "हे बघा, यादी उद्या दुपारी जायची आहे. आजारपण असेल तर नियमात सूट आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, मी हेडसरांशी बोलते. तिच्यासारखी पळणारी पोर संघात नाही याचं मलाही वाईट वाटतं. आपली शाळा सातवीपर्यंत. तिचं हे शेवटचंच वर्ष."

एमआयडीसीच्या गेटसमोर एक डॉक्टर होता. कामगारांना रजेसाठी लागेल ते तो लिहून द्यायचा. सहादेव तासाभरात कागद घेऊन परत आला असता. पोरगी खेळली असती, बाईही खूश, कुणाचं काही गेलं नसतं. तो उठलासुद्धा. दारापर्यंत गेला.

त्या कागदावर डॉक्टर काय लिहिणार? ज्ञानेश्वरी सहादेव घुले, चक्कर.

तो परत फिरला.

"बाई, तिला काय बी झालं न्हाई. चक्कर-बिक्कर काय येत न्हाई तिला."

"म्हणजे?"

"मीच ठिवतो घरी. शनिवारी मला सुट्टी असती." त्यानं हजेरीपटाकडं बघितलं. "घरात एकट्याला बसवत न्हाई मला. म्हनून ठिवतो. काम-बिम काय नसतंय."

बाहेर पाढे चालले होते. बाईंनी हजेरीपट मिटला. मग म्हणाल्या, "मग मला काही करता येणार नाही, घुलेभाऊ. दुसऱ्याही दोघी हजेरीवरून गळाल्यात. त्यांच्या आईबापांना मी काय सांगू?"

"बरोबर हाय."

"स्पर्धा येत्या शनिवारीच आहे, नगरला. मुलींबरोबर दोन पालक लागतात. अल्मासची आई येतेय. तुम्हाला सुट्टी आहे, तर तुम्ही याल का? ज्ञानेश्वरीलाही घेऊन या. पाणी द्यायला, सामान बघायला पोर लागतेच."

सहादेव हो म्हणाला. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं पोरीला सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, ती रडेल, किंवा निदान तिला मोकळं वाटेल. ज्ञानेश्वरी ताडकन उठली.

"तुमी बाईंना सांगितलं? चक्कर खोटी म्हनून?"

"खरं सांगाया नगं का?"

"आता बाई मला खोटारडी म्हनत्याल! उद्या वर्गात कशी जाऊ मी? तीन महिने खोटं बोलले मी, ते तुमच्यासाठी बोलले. अन् तुमी एका दिसात जाऊन सांगून आले!"

"चुकलं माझं, ज्ञानू."

"मंग आधी मला तरी इचारायचं." ती भांडी घासायला मोरीवर गेली आणि भांडी इतकी आपटली की जहिरानं कुंपणापलीकडून विचारलं, काय झालं गं. सहादेव ओट्यावर बसून राहिला. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. त्याला वाटलं होतं तसं थोडं, शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत. आता कळलं की ते ओझं त्यानं पोरीच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई तिला काही बोलल्या नाहीत. ते अल्मासकडून कळलं. ज्ञानेश्वरी आठवडाभर बापाशी कामापुरतं बोलली. शनिवारी नगरला येते का, हे त्यानं दोनदा विचारलं, तिनं दोन्हीदा नाही सांगितलं. शनिवारी सकाळी मात्र ती गणवेशात बाहेर आली.

"अल्मासला बूट घट्ट होत्यात," ती म्हणाली. "माझे देते तिला." आणि बापाची वाट न बघता शाळेनं ठरवलेल्या गाडीकडं चालू लागली.

नगरच्या मैदानावर आठ-दहा शाळांच्या मुली होत्या. ऊन चांगलंच तापलं होतं. सहादेव आणि जहिरा दोरीच्या अलीकडं उभे राहिले. ज्ञानेश्वरी दोरीपाशी पाण्याचा जार आणि पेले घेऊन बसली. तिच्या पायात चपला होत्या, बूट अल्मासच्या पायात.

सामना सुरू झाला. बचावाला यांच्या शाळेच्या पहिल्या तिघी उतरल्या आणि दोन मिनिटांत तिघी बाद झाल्या. दुसऱ्या तिघींत अल्मास होती. ज्ञानेश्वरी गुडघ्यांवर उभी राहिली.

"अल्मास, खांबाकडं जाऊ नगं! मागं बघ, मागं! आता वळ!"

अल्मास वळली, निसटली, पुन्हा निसटली. ज्ञानेश्वरी बसल्या जागीच डावी-उजवीकडं झुकत होती. जणू अल्मास तिच्याच अंगानं पळत होती. शेवटी अल्मास खांबाजवळ सापडली, तेव्हा ज्ञानेश्वरीनं दोन्ही हातांनी जमीन धरली.

सहादेवनं पोरीला असं कधी पाहिलंच नव्हतं. शनिवारी चुलीपुढं बसलेली पोर त्यानं चौदा आठवडे पाहिली होती. तिचं सगळं मन इथं मैदानात असायचं, आणि तो चुलीपलीकडं घोरत पडायचा.

बाजूला दुसऱ्या गावचा एक म्हातारा उभा होता. पुंजाराम म्हणून, नातीबरोबर आलेला. त्यानं मघाशी सहादेवला तंबाखू विचारली होती.

"तुमच्या शाळंची ती पानीवाली पोर लई हुशार दिसती राव," तो म्हणाला. "हितं बसून समदा खेळ सांगती. ही असती तर तुमचा डाव इतका लवकर आटपला नसता. हिला का घेतलं न्हाई?"

जहिरानं सहादेवकडं पाहिलं.

"माझीच हाय ती," सहादेव म्हणाला.

"मंग? पाय दुखावला का?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. म्हातारा परगावचा, पुन्हा भेटणारही नव्हता.

"पाय चांगला हाय. सरावाच्या दिशी मी घरी ठिवून घ्यायचो तिला."

"का बरं? कामाला?"

"न्हाई. माझ्यासाठी."

म्हाताऱ्यानं तंबाखूची चिमूट दाढेत धरली आणि मैदानाकडं तोंड केलं. दोरीपाशी ज्ञानेश्वरीची मान वळली होती. तिनं ऐकलं होतं. बापाकडं ती बराच वेळ बघत राहिली.

मग तिनं जार उचलला, हलवून पाहिला आणि त्याच्यापुढं धरला.

"भरून आना. दुसऱ्या डावाला पोरी येतील, पानी संपलंय."

सहादेवनं जार घेतला. नळ मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता आणि त्याच्यापुढं सात-आठ जण रांगेत होते. मागं शिट्टी झाली, दुसरा डाव सुरू झाला, जहिरा मोठ्यानं अल्मासचं नाव घेऊन ओरडली. सहादेवला परत जाऊन बघावंसं वाटलं. त्यानं नंबर सोडला नाही.