मातीसकट

भैय्यालालनं तुरीचं झाड दोन्ही हातांनी बुडाशी धरलं, हिसका देऊन उपटलं आणि जन्माच्या सवयीनं मुळं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आपटायला हात वर उचलला.

"झटकू नका काका," अश्विन म्हणाला. "आहे तसंच ठेवा."

म्हाताऱ्याचा हात वरच थांबला. मग त्यानं ते झाड चिखलासकट हळूच बाजूला आडवं केलं. झाडाच्या शेंगा भरत आल्या होत्या. अजून महिनाभर उभं राहिलं असतं तर चांगली डाळ झाली असती. तूर भैय्यालालची, धुराही भैय्यालालचा, आणि उपटणारा तोच. अश्विन हाताची घडी घालून उभा होता आणि हाताची घडी घालून उभं राहण्यात एवढं सुख असतं हे त्याला आजच कळत होतं.

"किती उपटू?"

"बावीस किलो चारशे ग्राम भरेपर्यंत."

भैय्यालालनं मान खाली घातली. तो आकडा त्याला विसरणं शक्य नव्हतं. त्या आकड्याखाली पंच म्हणून त्याची सही होती.

दोन वर्षांपूर्वी, असंच धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या असताना, अश्विनच्या धुऱ्यावर पोलीस आले होते. त्या पावसाळ्यात बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाण्याच्या पाळीवरून त्याची आणि भैय्यालालची जुंपली होती, त्यामुळे खबर कुणी दिली हे गावाला वेगळं सांगावं लागलं नाही. तुरीच्या आड गांजाची आठ झाडं निघाली. ती आभाळातून पडली असं अश्विन कधी म्हणाला नाही. त्याच्या बापानं, सुखदेवनं ती जपली होती. बैलाला हगवण लागली की मूठभर पाला, आणि संध्याकाळी स्वतःला एक चिलीम. चूक ती चूकच. पण दम्यानं वाकलेल्या बापाला जीपमध्ये कोण बसवू देणार? "माही आहेत," अश्विन म्हणाला आणि स्वतः जाऊन बसला.

वजनाला काटा लागत होता. तो भैय्यालालच्या धानाच्या मिलमधून आला, आणि पाठोपाठ पंच म्हणून भैय्यालालही आला. एक शिपाई बिचारा मुळं धुऱ्यावर आपटून माती झाडत होता. तेवढ्यात भैय्यालाल पुढं सरून म्हणाला, "झटकू नका साहेब. उद्या कोर्टात म्हनतीन, माल कमी केला. मातीसकट मोजा."

मातीसकट बावीस किलो चारशे ग्राम भरले. वीसच्या वर गेलं की तो धंद्याचा माल ठरतो आणि जामिनाचं दार जवळजवळ बंद होतं, हे अश्विनला आत गेल्यावर कळलं. चौदा महिने तो आत होता. नवव्या महिन्यात सुखदेव गेला. आपल्या चिलमीपायी पोरगा आत गेला, एवढंच म्हणत गेला. खांदा द्यायच्या परवानगीचा कागद अश्विनपर्यंत पोचला तेव्हा राख थंड झाली होती.

त्याला बाहेर काढलं ते शकुननं. ती रत्नमालाची, म्हणजे अश्विनच्या बायकोची, मावसबहीण. नागपूरला वकिली करते. तिनं हायकोर्टाचा एक निकाल शोधून काढला. कायदा दिल्लीचा, साऱ्या देशाला एकच. पण त्यात गांजा म्हणजे काय हे जे लिहिलंय, त्याचा अर्थ नागपूरच्या न्यायमूर्तींनी लावून दिला होता. झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. सुटी पानं, देठ, मुळं म्हणजे नाही. सगळं एकत्र मोजून वीसच्या वर नेलं असेल तर ते वजन धरता येणार नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टाला ते ऐकणं भाग होतं. जामीन झाला. खटला अजून चालूच आहे.

पानं-देठ मोजले ते पोलिसांनी, आणि त्याचं उत्तर त्यांना कोर्टात द्यावं लागलं. पण माती? मातीचा जाब भैय्यालालला कुणी विचारलाच नव्हता. जेलमध्ये अश्विननं हजार वेळा हिशोब केला होता: आठ झाडं, एकेका बुडाला अर्धा किलो चिखल, म्हणजे चार किलो. चार वजा करा. अठराच्या आसपास येतं. कुठला निकाल लागत नाही, कुठलं हायकोर्ट लागत नाही. नुसतं त्या शिपायाला झटकू दिलं असतं तरी आपण बापाच्या उशाशी असतो. हे गणित त्यानं देवाच्या नावासारखं जपलं होतं.

आणि आता गोलू पोलिसांच्या हाती सापडला होता. भैय्यालालचा एकुलता एक. बावनथडी नदी ओलांडून मध्यप्रदेशात, मोटरसायकलवर हिरव्या झाडांचं पोतं घेऊन. कुणाचं तरी पोचवायला निघाला होता म्हणे. देठ, पानं, मुळं, सगळं मिळून एकवीस किलो. तीन महिने झाले होते. भैय्यालाल नागपूरला शकुनकडे गेला, तर ती म्हणाली, "अश्विन म्हणाला तर येईन."

काल तो अश्विनच्या अंगणात आला. बाप-आजाच्या काळापासून शेत शेजारी, पण या अंगणात तो कधी बसला नव्हता. काल न सांगता बसला, पाणीसुद्धा मागून प्याला. अडला हरी गाढवाचे पाय धरी. या म्हणीत आपल्या वाट्याला कोण येतं हे अश्विनला समजत होतं, पण काल त्याची काही हरकत नव्हती.

"तू फक्त एक फोन कर बापू," भैय्यालाल म्हणाला होता. "मांगशीन ते देतो."

"मले काही नाई पायजे. उद्या सकाळी मिलचा काटा घेऊन धुऱ्यावर या. तोच काटा."

रात्री रत्नमाला म्हणाली होती, "तूर अन् गांजा एकच आहे का? त्यानं काय सिद्ध होते?"

"माती त तीच आहे," तो म्हणाला.

"अन् शकुन तिकडं जाऊन तरी काय करन? ती म्हने, नदीपल्याड जबलपूरचं हायकोर्ट. आपला निकाल तिथं नुसता वाचून दाखवता येते. मानायचा का नाई, ते त्याहिच्या हाती."

"ते त्याचं तो पाहीन."

"पोरगं तीन महिन्यापासून आत हाये."

"माहा बाप त कायमचा गेला."

 सकाळी रत्नमाला न सांगता मागोमाग शेतावर आली आणि मोहाच्या झाडाखाली उभी राहिली.

काटा त्याच मोहाच्या फांदीला टांगला होता. गोल तबकडीचा, मोठ्या आकड्यांचा. दहा झाडं झाली तेव्हा अश्विननं त्यांची पेंढी बांधून काट्याच्या हुकाला अडकवली. काटा एकवीसच्या पुढं जाऊन थांबला.

"अजून एक."

अकरावं झाड म्हाताऱ्याला एका दमात निघेना. तो चिखलात गुडघ्यावर बसला, बुडाशी बोटं खुपसली आणि कण्हत उपटलं. अश्विनला क्षणभर वाटलं, हात लावावा. नाही लावला.

बावीस किलो आणि वर चारशे.

"दिसलं?"

"दिसलं," भैय्यालाल म्हणाला.

"आता धुवा."

बोडी चार पावलांवर होती. ज्या पाण्यासाठी भांडण झालं त्याच पाण्यात म्हातारा पोटऱ्यांपर्यंत उतरला आणि एकेक झाड बुडवून मुळं चोळू लागला. काळी चिकण माती सुटता सुटेना. पाणी गढूळ झालं. शिंतोडे त्याच्या सदऱ्यावर, मिशांवर, चष्म्यावर उडाले.

"आता झटका काका. आता पायजे तेवढं झटका."

भैय्यालालनं झटकलं. अकराही झाडं आपटून आपटून झटकली. बापाच्या मरणापासून अश्विनच्या छातीत जे काही अडकून बसलं होतं, ते दर आपटण्याला सैल होत होतं. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं. मुळं नव्या केरसुणीसारखी स्वच्छ निघाली.

अश्विननं पेंढी बांधली आणि स्वतः काट्याला अडकवली. काटा थरथरला, खाली-वर झाला आणि ठरला.

वीस किलो सहाशे.

त्यानं पेंढी हातानं थांबवली आणि सोडली. पुन्हा वीस किलो सहाशे. एकाही शेंगेला, एकाही मुळीला माती उरली नव्हती, सगळं नीट पाहिलं. दोन किलोसुद्धा माती नव्हती. चिखल एवढा दिसतो आणि भरतो एवढाच. त्या दिवशी शिपायानं मनसोक्त झटकलं असतं तरी वजन वीसच्या वरच राहिलं असतं, तरी दार बंदच राहिलं असतं, तरी चौदा महिने, तरी राख.  जेलमधले ते हजार हिशोब एकदम पोकळ वाटू लागले आणि त्याला स्वतःचाच राग आला, मग भैय्यालालचा पहिल्यापेक्षा जास्त आला.

बोडीतून भैय्यालाल धापा टाकत वर आला. चष्म्याच्या काचा चिखलानं बंद झाल्या होत्या. त्यानं तो काढून हातात धरला आणि तबकडीच्या दिशेनं डोळे बारीक केले.

"मले दिसून नाई राहिलं. किती भरलं?"

अश्विन काट्याकडे पाहत होता.

"साडेअठरा," तो म्हणाला.

भैय्यालाल आहे तिथं खाली बसला. गमछ्याचं टोक काचेवर फिरवायला त्यानं हात उचलला होता, तो तसाच मांडीवर पडला. मग त्याच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. त्याला रडता येत नसावं.

"म्हंजे मीच," तो म्हणाला. "सुखदेवले मीच... मले वाटलं होतं, तू दोन-चार दिवस आत राहशीन, अकड उतरन. मले काय मालूम, बापू, मातीनं एवढं होते म्हनून. मी साऱ्या गावाले सांगतो. चावडीवर उभा राहून सांगतो."

याच शब्दांसाठी अश्विन जगला होता. ते आले, कानात शिरले, आणि त्याला पुढं काय करायचं ते सुचेना.

भैय्यालालनं गमछा उचलला आणि चष्मा पुसायला लागला. एक काच झाली. दुसरी निम्मी झाली.

रत्नमाला मोहाखालून पुढं आली. तिनं एकदा तबकडीकडे पाहिलं आणि एकदा नवऱ्याकडे. मग दोन्ही हातांनी पेंढी उचलून हुकातून काढली, काटा शून्यावर येऊ दिला आणि पेंढी बोडीच्या काठावर टाकून दिली.

"आता फोन लावा शकुनले," ती अश्विनला म्हणाली. "आत्ताच. माह्या समोर."

अश्विननं खिशात हात घातला. बोटं चिखलानं माखली होती. ती तो कितीतरी वेळ सदऱ्याला पुसत राहिला.