गेबहार्ट मास्तरांच्या पावलांचं कार्ड

नाव, वय, किती वर्षं स्की करता?

गेबहार्ट. एकाहत्तर. तिसऱ्या प्रश्नाला स्कीच्या मास्तरांनी भुवया उंचावल्या. जिला चार वर्षांची असताना आपण बर्फावर पहिल्यांदा उभं केलं, तिनेच कानामागची पेन्सिल काढून आपल्याला हे विचारावं?

"बुर्गी, तुला माहीत आहे."

"मला आहे. कार्डाला नाही, मास्तर."

बुर्गी आता बावन्नची. स्कीबूट पायाला नीट बसवून देण्यात ऑस्ट्रियातल्या अख्ख्या मोंटाफोन खोऱ्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मास्तर गावाला सांगत. तिला कधी सांगितलं नव्हतं.

कुठे दुखतं?

"कुठेही नाही."

"उजवा," इर्मा म्हणाली. मास्तरांची बायको. विणकामातून मान वर न करता म्हणाली. "सहाव्या वळणाला बधीर होतो. मग हे थांबतात आणि म्हणतात, डोंगर बघतोय."

"डोंगर बघण्यासारखाच आहे."

"एकाहत्तर वर्षं तोच आहे."

येण्याचं कारण

(इथे बुर्गीने काही लिहिलं नाही. गावाला ठाऊक असलेलं काय लिहायचं? पण वाचणाऱ्याला ठाऊक नाही, म्हणून.)

रविवारी गावच्या क्लबची शर्यत. मुलं सुटण्याआधी एकाने उतरून वाट खुली करायची असते. त्याला बक्षीस नाही, त्याची वेळही कुणी मोजत नाही. न थांबता खाली यायचं, एवढंच. चौतीस वर्षं हा मान गेबहार्ट मास्तरांचा. परवा सरावात ते मधेच थांबले आणि डोंगर बघत बसले. क्लबने फार अदबीने निरोप धाडला: रविवारी तसं झालं, तर पुढच्या वर्षीपासून दातांचे डॉक्टर उतरतील.

दातांचे डॉक्टर! वळताना ज्यांचं बूड मागे राहतं ते!

आधी कधी बुटाच्या आत मापाचे सोल घातलेत?

"बुटात जो पुठ्ठा येतो ना, त्यावर मी पन्नास वर्षं काढली. हे सगळे शहरातल्या लोकांचे लाड."

"मग कशाला आलात?"

"हिने आणलं."

इर्माने सुया थांबवल्या. "खरं सांग बुर्गी, लागतातच का हे सगळ्यांना?"

"नाही हो, काकू. तुमच्या पावलाची कमान अजून उभी आहे. तुम्ही त्या पुठ्ठ्यावर ऐंशीव्या वर्षापर्यंत जाल." मास्तरांचा चेहरा पडला. "यांची कमान वजन पडलं की बसते. पाऊल लांबतं, आतल्या आत सरकतं. बूट सैल वाटतो, मग हे बकल आवळतात. अजून सरकतं, अजून आवळतात. सहाव्या वळणाला रक्तच पोचत नाही तिथे."

"म्हणजे हेच गळा दाबतात आणि हेच ओरडतात," इर्मा म्हणाली.

माप (मंगळवार)

दाणे भरलेल्या दोन उशा. त्यावर तापवून मऊ केलेले सोल. त्यावर अनवाणी मास्तर. पंपाने हवा ओढली की उशा दगडासारख्या घट्ट होतात आणि सोलाला पावलाचा आकार धरून ठेवतात. तोवर नुसतं उभं राहायचं.

मास्तर उभे राहिले.

गुडघे किंचित वाकलेले. छाती पुढे. हात जणू काठ्या धरून. नजर वीस मीटर खाली.

"सैल सोडा."

"सैलच आहे."

"मास्तर, तुम्ही उभे नाही राहिलात. शिकवताय तुम्ही."

त्यांनी गुडघे सरळ केले. पंप सुरू झाला तसे ते नकळत पुन्हा वाकले.

तक्रार (गुरुवार)

मास्तर दुकानात शिरले ते जवळजवळ आनंदाने.

"दगड! तुझ्या सोलात दगड आहे. दोन वळणांत बूट काढावा लागला. मी म्हटलंच होतं!"

बुर्गीने सोल उजेडात धरला, उलटा केला, आणि हसू लागली. कमान एवढी उंच, की खालून मांजराचं पिल्लू गेलं असतं.

"हा तुमचा पाय नाही, मास्तर. हा तुमचा रुबाब आहे. रुबाबाचं माप घेतलंय मी! चूक माझीच. चला, पुन्हा."

माप, पुन्हा (गुरुवार, लगेच)

पहिल्यांदा: खुर्चीत बसवलं. बसल्या बसल्या अंगठे ताणले.

दुसऱ्यांदा: लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तिने विचारलं, डॉक्टरांचं नेमकं चुकतं काय? मास्तर उशांवरून उतरून दुकानभर दाखवत सुटले.

तिसऱ्यांदा तिने काहीच युक्ती केली नाही. कार्ड उचललं. "एक रकाना राहिलाय. या सोलांकडून अपेक्षा काय?"

"काही नाही."

तिने पेन्सिल त्या रकान्यावर टेकवून ठेवली.

"मुलं वर रांगेत उभी असतात," मास्तर म्हणाले. "पहिल्यांदा शर्यतीत उतरणारी. घाबरलेली. मी खाली पोचतो तेव्हा त्यांना वाटतं, हा म्हातारा जाऊ शकतो तर… मी मधेच थांबलो तर त्यांना काय वाटेल, बुर्गी? डॉक्टर बापडा बरा आहे. येईल तो खाली. पण मला…"

खांदे उतरले होते. गुडघे सरळ. दोन्ही पावलं भाकरीसारखी उशीवर पसरली होती. बुर्गीने त्यांच्याकडे न बघता उजव्या घोट्याला बोट लावून तो जरासा सावरला आणि पंपाचं बटण दाबलं.

"हं. बोला ना," ती म्हणाली.

सूचना

बकल नेहमीपेक्षा दोन खाचा सैल. वर गेल्यावर हात लावायचा नाही. (खाली इर्माच्या अक्षरात: *अजिबात नाही*.)

ग्राहकाचं मत (रविवार)

रविवारी मास्तर निघाले. सैल बुटात आपण आज पडणार, अशी त्यांची खात्री होती. पहिलं वळण घाबरत घेतलं. टाच जागची हलली नाही. चौथं. पाचवं. सहाव्याला ते पायाला मुंग्या येण्याची वाट बघू लागले. सातवं झालं, आठवं झालं. नवव्यानंतर वाट बघायचं विसरले.

खाली बुर्गी कार्ड घेऊन उभी होती, शेजारी इर्मा. मास्तर त्यांच्यासमोरून सुसाट गेले. थांबलेच नाहीत.

"अहो! कुठे?"

ते थेट डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत घुसले. मग भोंग्यावरून क्लबच्या सेक्रेटरीचा अवघडलेला आवाज आला: शर्यत दहा मिनिटं उशिरा सुरू होईल. वाट खुली करणारे गृहस्थ ती पुन्हा एकदा खुली करायला वर गेले आहेत. मुलांनी कृपया त्यांना पुढे जाऊ द्यावं.

"मत काय लिहू, काकू?" बुर्गीने विचारलं.

"राहू दे कोरं," इर्मा म्हणाली. "विचारशील तर म्हणतील, काही फरक नाही."