ताईने बंद केलेला दिवा

बाबांचा पाण्याखालचा दिवा धाकटीला मिळाला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. उगाच गोड बोलत नाही, दुखलंच. बाबा बंदरात पाणबुडे होते, बोटींचे तळ तपासायचे. लहानपणी तो दिवा मी पुसायचे, तेव्हा ही पाळण्यात होती. पण माझ्या कानाचा पडदा फाटका निघाला, डॉक्टरांनी पाण्यात उतरायला कायमची बंदी घातली, आणि मी बसले मोबाइल दुरुस्त करत. आता धाकटी बाबांच्याच कामाला लागली. उद्या पहिल्यांदा बोटीखाली जाणार. घरात कौतुक नुसतं उतू चाललं होतं.

वर बाबा मलाच म्हणतात, "दिवा जुना झालाय. तू जरा सुधारून दे तिला."

म्हणजे राबायचं मी आणि मिरवायचं हिने. आयत्या बिळावर नागोबा.

तरी केलं. हातून कच्चं काम होत नाही ना माझ्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. जुना बल्ब काढला; तो तापायचा फार आणि थोड्या वेळात मान टाकायचा. विटेसारखी जड बॅटरी काढली. एलईडी बसवला, नवे सेल घातले, तारा सोल्डर केल्या. धातूचं जाड नळकांडं आणि पुढची काच तेवढी जुनी ठेवली. झाकणाला रबराची नवी रिंग, तिला ग्रीस. सगळा खेळ त्या रिंगेचा. तिच्यावर वाळूचा कण नाहीतर केस राहिला की पाणी आत शिरतं, आणि बोटीखालच्या अंधारात दिवा गेला की माणसाला वर कुठे नि खाली कुठे, काही कळत नाही.

म्हणून बाबांचा नियम कडक. पाण्यात जाणाऱ्याने आपला दिवा स्वतः उघडून बघायचा, स्वतः बंद करायचा. मला बाहेरून पुसू द्यायचे, पण झाकणाला हात आईलाही लावू दिला नाही कधी.

मी आत कोरडा टिशू पेपर ठेवला आणि दिवा बादलीत बुडवून वर दगड ठेवला. संध्याकाळी काढला, कागद ठणठणीत कोरडा. तो काढून पुन्हा झाकण लावताना दिसलं, रिंगेवर केस. लांब, माझाच.

काढायला बोट पुढे केलं आणि थांबले. म्हटलं, राहू दे. उघडून बघतील ना बाईसाहेब, नियमच आहे. हिला नाही दिसला तर बाबांना दिसेल, मग लाडकीची नजर किती तयार आहे ते त्यांनाही कळू दे. झाकण घट्ट फिरवलं.

धाकटी आली. तिने दिवा लावला, समोरची भिंत लख्ख उजळली. "ताई, जादू केलीस ग," म्हणाली आणि दिवा पिशवीत टाकला.

"उघडून बघितलास?" बाबांनी विचारलं.

"ताईने बंद केलाय, बाबा."

आता बसणार बोलणी, मी मनात म्हटलं. पण बाबा म्हणाले, "मग राहू दे. तिच्या हातचं काय बघायचं?"

आईला जन्मात मिळालं नाही ते वाक्य मला मिळालं होतं. गप्प बसले असते तर माझंच राहिलं असतं. धाकटी पिशवीची चेन लावत होती. अर्ध्यावर अडकली, तिने खेचली.

"दे इकडे," मी म्हटलं. "आत केस राहिलाय."

बाबांनी झाकण उघडलं. त्यांना टक्कल, धाकटीचे केस बारीक कापलेले. कुणाचा, ते विचारायची गरजच नव्हती. त्यांनी दुसरंच विचारलं.

"तुला आधी दिसला होता?"

"हो."

मी फडकं घेऊन पुढे झाले, तर धाकटीने दिवा आपल्याकडे ओढला. केस काढला, रिंग पुसली, बोट फिरवून पुन्हा पुन्हा तपासली, ग्रीस लावलं, झाकण बंद केलं. सगळं माझ्याकडे न बघता. मग बादली भरायला गेली.

ती परत आली तेव्हा बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आता शिकलीस," म्हणाले.

बघा, तेही कौतुक तिलाच गेलं.