किल्लीचा मान

परवीनच्या स्कूटीवर पायापाशी पत्र्याची पेटी आन् मागं मैत्रीण पिंकी, अशा दोघी सकाळी उंब्रजवरनं निघाल्या त्या रहिमतपूरच्या अलीकडच्या एका गावातल्या हायस्कूलला. पेटी म्हंजे तक्रार पेटी. वर चिठ्ठी टाकायला फट, खाली कुलूप. परवीनचे अब्बा बादशहाभाई उंब्रजात ट्रंका बनवत्यात, त्येंनीच ठोकलेली. ही अडतिसावी.

आदल्या सदतीस शाळांत परवीन जाऊन बोलून आली हुती, आन् बोलायची ते स्वतःचंच. अकरा वर्साची असताना ती उंब्रजातच पळायच्या सरावाला जायची. लय पळायची, पोरांच्या फुडं. तिथल्या कोचनं तिच्या अंगाशी नको ते चाळे केले, एकदा न्हाई, वर्सभर. तिनं घरी सांगितलं तवा अब्बांनी तिची बुटं माळ्यावर टाकली आन् म्हनाले, गप ऱ्हा. ती जलमभर गप ऱ्हायली न्हाई, एवढं बरं. कॉलेजात तोंड उघडलं ते उघडलंच. पोरांम्होरं सगळं सांगायची, मान वर करून. लाज त्याची हाय, माझी न्हाई, म्हनायची.

पन एक गोष्ट सांगत नव्हती. नाव. दर शाळेत एक तरी पोरगं इचारायचंच, ताई, त्याचं नाव काय? मग ही म्हनायची, नावाचं ऱ्हाऊ दे, तुमी असली मानसं वळखायला शिका. परतीच्या वाटंवर पिंकी डोकं खायची, सगळं सांगतीस आन् नावालाच जीभ अडकती व्हय गं? परवीन गाडी जोरात सोडायची आन् म्हनायची, वाऱ्यात काय ऐकू येत न्हाई.

आता त्या हायस्कूलचे मुख्याध्यापक लालासाहेब सर. मानूस वाईट न्हाई. पिंकीनं त्येंना पत्र धाडलं हुतं, पेटीची किल्ली पोरं सांगतील त्या बाईमानसाकडं द्यायची, आन् त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या हुत्या. सरांनी रेघा बघितल्या, पन गावचा हिशोब येगळाच. देवळाची किल्ली, तालमीची किल्ली, सगळ्या थोरामोठ्यांच्या हातात. किल्ली म्हंजे मान. बाईकडं दिली तर समिती रुसंल. मग सरांनी फळ्यावर रंगीत खडूनं झोकात लिहिलं, किल्लीचा स्वीकार, शाळा समितीचे नवे अध्यक्ष मा. हंबीरराव यांच्या हस्ते.

परवीननं फळा वाचलाच न्हाई, माईक लावत हुती. पाहुणा आला तवा तिनं आधी चाल बघितली. टाचा न टेकवता, चवड्यावर चालनारा मानूस. पांढरी कापडं, केस पिकलेले, पन चाल तीच, त्या कोचची. हा इथं कसा? तर सासुरवाडीला येऊन घर बांधलेलं, आन् शाळंला पळायचा ट्रॅक करून दिलेला.

त्यानं हिला वळखलं न्हाई. सरांनी ताट फुडं केलं, त्यात हळदीकुंकू लावलेली किल्ली, लाल रिबीन बांधून. परवीनचा हात सवयीनं किल्लीवर गेला आन् सवयीनंच फुडं झाला. सदतीस शाळांत दिली तशी हीबी किल्ली तिनं त्याच्या तळहातावर ठेवली.

“शाब्बास पोरी,” तो म्हनाला आन् किल्ली खिशात टाकली.

मैदानावर म्हनायचा तेच शब्द. तोच आवाज. परवीनच्या कानात नुसती शिट्टी वाजाय लागली. पोरं टाळ्या वाजवत हुती, आन् तिच्या डोक्यात एकच. ह्या शाळंतली एखादी पोरगी उद्या चिठ्ठी टाकंल, आन् ती ह्यो वाचंल.

ती बोलाय लागली. रोजचंच बोलली, पन पिंकीला कळलं कायतरी बिनसलंय, कारन परवीन पोरांकडं बघतच नव्हती. मग सातवीतली दोन येन्यांची पोरगी उभी ऱ्हायली.

“ताई, त्याचं नाव काय हुतं?”

परवीन पानी प्याली. ग्लास खाली ठेवला.

“हंबीरराव,” ती म्हनाली. “तुमच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेत ते. तुमच्या पेटीची किल्ली त्येंच्या खिशात हाय.”

हंबीरराव उठला, हसला, म्हनाला लहानपनी पोरी काय बी मनात घेत्यात, आन् सरांना सांगितलं माईक बंद करा. सरांचा हात बटनाकडं गेला. पिंकी बटनाच्या फुडं जाऊन उभी ऱ्हायली, हाताची घडी घालून.

“करा बंद,” परवीन म्हनाली. “मला माईक लागत न्हाई. किल्ली मिळंस्तवर मी ह्या स्टेजवरनं उतरत न्हाई.”

“सर, किल्ली घ्या की,” येन्यांची पोरगी म्हनाली. मग तिच्या शेजारची उठली. मग मागची रांग, मग पोरंबी.

लालासाहेब सरांनी एकदा फळ्यावरच्या आपल्याच अक्षराकडं बघितलं, एकदा पोरांकडं.

“साहेब,” ते म्हनाले, “किल्ली द्या.”

त्यानं ती टेबलावर आपटली आन् चवड्यावर चालत गेला, पन ह्या वेळी वाट द्यायला कुनी उठलं न्हाई. परवीननं किल्ली उचलली न्हाई. पोरांना इचारलं, कुनाकडं देऊ? सगळी एका आवाजात म्हनाली, खिचडीवाल्या तानुबाईकडं. ती बिचारी पातेलं घासत हुती. पदराला हात पुसत आली, रिबीन तोडून टाकली आन् किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली.

भाईर येऊन परवीननं अब्बांना फोन लावला. मागं हातोडीचा ठोका चालला हुता.

“अब्बा, मी नाव घेतलं. समद्यांम्होरं. आता उंब्रजच्या ठान्यात चालले, लिहून द्यायला.”

ठोका थांबला. मग शटर वडल्याचा आवाज आला.

“मी पोचतो तुझ्या आधी,” अब्बा म्हनाले. “मला कवापास्नं म्हाईत हुतं आन् मीच तुला गप बसवलं, ते मलाबी लिहून द्यायचंय.”

पिंकी मागं बसली. परवीननं गाडी सोडली ती पार उंब्रजपतूर, आन् वाऱ्यातबी पिंकीचं सगळं ऐकत गेली.