पेढ्यावरचा आयोडीनचा थेंब

मानवजातीचा संसार चार मूलद्रव्यांवर उभा आहे आणि ती चारही हॅलोजन आहेत, असं पंजाबराव सरांचं ठाम मत होतं. वणीहून पांढरकवड्याला मुलगी पाहायला जाताना त्यांनी ते गाडीत पुन्हा एकदा मांडलं. तेव्हा गाडी चालवणारा त्यांचा मुलगा राजदीप एवढंच म्हणाला, "बाबा, आजच्या दिवस ते आयोडीन खिशातून काढून ठेवा ना."

सर शाळेतून निवृत्त झाले होते, त्यांचं विज्ञान मात्र व्हायला तयार नव्हतं. सकाळी तोंडात ब्रश असतानाच ते घरच्यांना फ्लोराइड समजावून सांगत: पेस्टमध्ये चिमूटभर असलं की दात टिकतात, बोअरच्या पाण्यात जास्त झालं की तेच दात पिवळे पडतात. नळाला पाणी आलं की ते आधी हुंगून पाहत आणि क्लोरीन पास की नापास ते जाहीर करत. ब्रोमीनशी आयुष्यात कधी गाठ पडली नव्हती, म्हणून त्याच्याबद्दल निव्वळ आदर होता.

उरलं आयोडीन. ते बाटलीत, आणि बाटली सदऱ्याच्या खिशात. थेंब टाकला आणि निळा-काळा रंग आला की पिठाची भेसळ, हे त्यांनी वणीतल्या मिठाईवाल्यांना, कोणी विचारलं नसताना, सांगून ठेवलं होतं. राजदीपच्या दोन सोयरिकी याच थेंबात बुडाल्या होत्या. पांढरकवड्याच्या या ममताशी मात्र त्याचं फोनवर आधीच जमलं होतं. ही मोडली तर लग्नाचं नाव काढू नका, असं त्यानं घरी बजावलं होतं.

पोहे आले. ममताची आई तुळसाबाई लिंबाची फोड पुढे करत म्हणाली, "पिळा ना, सर."

"नको. आंबटानं दाताचं कवच झिजते," सर म्हणाले आणि कोरडेच पोहे चमच्यानं संपवले. मग ते मूळ विषयाकडे वळले. "सोडियम पाण्यात टाकला तं पेटते. क्लोरीन हुंगला तं जीव घुसमटते. पण क्लोरीनले एक इलेक्ट्रॉन कमी, अन् सोडियमले एक जास्त. दोघांचं जमलं का मीठ होते. याले म्हणतात सोयरीक."

"आमच्या ममतापाशी काय जास्त हाय म्हणता?" तुळसाबाईनं विचारलं.

"राग," ममता पेढ्यांची बशी ठेवत म्हणाली.

"घरच्या म्हशीचं दूध हाय, सर. म्या सोता खवा आटवला," तुळसाबाई म्हणाली.

सरांचा हात खिशाकडे गेला. राजदीपनं डोळे मिटले. सरांनी हातातल्या चमच्यानं पेढा फोडला, त्यावर थेंब सोडला. पेढा निळा-काळा झाला.

"बाई, याच्यात पीठ हाय," सर दुःखानं म्हणाले.

"सकाळपासून चुलीपाशी म्या बसली होती. पीठ कोनत्या वाटेनं आलं?"

ममता बशीकडे पाहत होती. "काकाजी, चमचा पोह्याचाच काय?"

पोहे म्हणजे तांदूळ, तांदूळ म्हणजे पिष्टमय पदार्थ. सरांनी हे उभी हयात फळ्यावर लिहिलं होतं. "वेळ झाला, निघालं पाहिजे," असं म्हणत त्यांनी बाटली घाईघाईनं खिशात कोंबली. झाकण अर्धंच लागलं होतं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला बायकोनं सणासुदीची कडक खळ दिली होती. छातीवर बरोबर काळजाच्या जागी निळा-काळा डाग पसरत गेला.

"आता सदऱ्यातबी पीठ हाय म्हणा," तुळसाबाई म्हणाली. राजदीप पंख्याचं निरीक्षण करू लागला.

ममतानं बाटली मागून घेतली. धुतलेल्या चमच्यानं दुसरा पेढा फोडला आणि उरलेला थेंब त्यावर टाकला. थेंब विटकरीच राहिला, निळा होण्याचं नाव घेईना.

"खवा शुद्ध हाय," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी वणीत अजून कोणालाच ऐकवलं नव्हतं.

"मले राजदीप पसंत हायेत," ममता म्हणाली. "पण ही बाटली आतापासून माह्यापाशी राहीन."

सगळे सरांकडे पाहू लागले. सरांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि मान डोलावली. मग छातीवरचा डाग हातानं झाकून घेत ते तुळसाबाईकडे थोडे वाकले.

"बाई, मघाची ती लिंबाची फोड उरली हाय काय? डाग जाते त्यानं."