वरच्या खिडकीतला आवाज

सकाळच्या चहाला उकळी येण्याआधीच थोरल्या सुनेने निम्मा कारखाना चालवलेला असे. खाली धुलाईचा कारखाना, वर घर. स्वयंपाकघराच्या आतल्या खिडकीतून खालचा सगळा हॉल दिसायचा. दवाखान्याच्या चादरी आधी, हॉटेलचे पडदे मागून, बॉयलरजवळ नवखा माणूस नको, हे सगळं ती भाजी चिरता चिरता ठरवायची. चिरायची आणि खिडकीशी जायची, पुन्हा चिरायची आणि पुन्हा जायची.

फक्त बोलायची नाही. नवरा गेल्यापासून घराचा नियम होता, विधवेचा आवाज कारखान्यात जाता कामा नये. धंद्याला अपशकुन होतो. म्हणून ती सासूच्या कानात सांगायची, सासू धाकट्याला फोन लावायची आणि धाकटा खाली घसा खाकरून तेच वाक्य स्वतःच्या डोक्यातून आल्यासारखं म्हणायचा. तिची अक्कल घराला चालत होती, आवाज चालत नव्हता.

तशात धाकटा व्यवस्थापनाचं शिबिर करून आला. त्याने ऑफिसात फळा लावला: नियोजन, संघटन, नेमणूक, मार्गदर्शन, नियंत्रण. सासरे हरखले.

"पाच कामं, आणि घरात पुरुषही पाच! याला म्हणतात योग."

नियोजन सासऱ्यांनी घेतलं. नेमणूक जावयाला, मार्गदर्शन धाकट्याला आणि उरलेलं दोन पुतण्यांना मिळालं.

"आणि वहिनींना?" जावयाने डोळे मिचकावले.

"तिच्याकडे चहा आहे की."

सगळे हसले. चहाचा ट्रे हातात असल्यामुळे तिला हसता आलं नाही.

जावयाने नेमणुकीला लगेच सुरुवात केली. चादरींना इस्त्री करणाऱ्या तापल्या रुळावरची जुनी बाई त्याने दारावर बसवली आणि रुळापाशी आपल्या ओळखीतली नवी बाई उभी केली. थोरलीने वरून पाहिलं. नव्या बाईच्या बाह्या लांब होत्या आणि ती चादरीबरोबर हातही पुढे नेत होती.

"आई, तिला बाजूला करायला सांगा. आत्ता!"

सासूने धाकट्याला फोन लावला.

"आई, नेमणूक माझ्याकडे नाही. भावोजींना लाव."

जावई म्हणाला, "सासूबाई, सूचना देणं मार्गदर्शनात येतं. ते खातं धाकट्याचं."

"अगं, आता कुणाला लावू?" सासू रडकुंडीला आली.

थोरलीने खिडकीचे गज घट्ट धरले. तोंड उघडलं, पण गळ्याला इतक्या वर्षांची सवय, आवाज फुटेना. बाही रुळात शिरली तेव्हा कुठे तो फुटला.

"रूळ बंद करा!"

बॉयलरवाल्याने धावत जाऊन बटण दाबलं. हात वाचला, तळव्याची कातडी गेली.

संध्याकाळी घरात चर्चा झाली ती आवाजाची.

"ऑफिसात गिऱ्हाईक बसलं होतं," सासरे धुमसत म्हणाले. "आवाज कुणाचा म्हणून विचारत होतं!"

"मी रेडिओ म्हणून सांगितलं," जावयाने धीर दिला.

दुसऱ्या दिवशी थोरली दवाखान्यात गेली. पट्टी बांधलेला हात उशीवर होता आणि उशीचा अभ्रा त्यांच्याच कारखान्यात इस्त्री झालेला.

"तुम्ही ओरडलात म्हणून हात राहिला, वहिनी," नवी बाई म्हणाली. "पण वरून तुम्हाला आधीच दिसलं असेल ना?"

"दिसलं होतं."

बाईने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. उशीर त्या गळ्याने केला की तो गळा आवळणाऱ्या घराने, हे वाचकांनी आपापल्या घराकडे बघून ठरवावं.

परतल्यावर थोरली मागच्या जिन्याने वर गेली नाही. कारखान्याच्या मोठ्या दाराने आत आली. पाचही पुरुष फळ्यापुढे उभे होते. अपघात कोणत्या कामात बसवायचा याचा खल चालला होता.

"सूनबाई, आधी वर जा," सासरे दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही बाबा. कानात सांगणं आजपासून बंद. जे सांगायचं ते मी इथे उभी राहून सांगणार."

"अगं, लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

"रेडिओ आहे म्हणा."

तिने जुन्या बाईला हाताला धरून रुळापाशी आणलं आणि हॉलकडे वळून मोठ्याने म्हणाली, "सगळ्यांनी बाह्या वर करा!"

बॉयलरवाल्याने केल्या. इस्त्रीवाल्या बायकांनी केल्या. पाच पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. मग, हे आपल्या खात्यात येतं की नाही याचा विचार व्हायच्या आत, धाकट्याने शर्टाच्या बाहीचं बटण सोडलं.